त्या बटणाला हात लावू नये

आमच्या स्टुडिओतल्या कॉम्प्युटरचं बटण मी एकदा झाकून टाकलं होतं. थंड्याच्या बाटलीचं झाकण त्यावर उपडं घातलं, वरून चिकटपट्टी मारली आणि शेजारी कागद लावला : 'विचारल्याशिवाय हात लावू नये. ही विहिरीवरची मोटर नाही.' दुसरं वाक्य मालकांसाठी होतं. पहिलं सगळ्यांसाठी होतं, पण ते मनावर घेतलं एकट्या काकांनी, आणि त्याचंच मला सांगायचं आहे.

घाटंजीच्या बसस्टँडमागच्या रस्त्यावर हा स्टुडिओ. माणसं तीन. मालक, ज्यांना आम्ही भाऊ म्हणतो, लग्नांचं शूटिंग करत गावोगाव फिरायचे. मी अल्बम आणि व्हिडिओ तयार करायचे. काका काउंटरवर बसून पासपोर्ट फोटो काढायचे. भाऊंच्या वडिलांच्या वेळेपासून ते इथेच आहेत. रोलच्या कॅमेऱ्याच्या जमान्यात साऱ्या तालुक्याचे फोटो त्यांनी मागच्या अंधारखोलीत धुतले. निगेटिव्हवर पेन्सिलीचं टोक फिरवून ते एखाद्या नवरीच्या तोंडावरचे देवीचे वण असे घालवायचे की सासरच्यांना ते लग्नानंतरच कळायचे. ती खोली आता आम्ही फोटोमागचे पडदे आणि लाइटच्या मोडक्या छत्र्या ठेवायला वापरतो. तर माणसं तीन आणि कॉम्प्युटर एक. भांडणाला एवढं कारण पुरतं.

लग्नाचा व्हिडिओ कापून-जोडून झाला की शेवटी कॉम्प्युटर तो सगळा एकसंध करत बसतो. त्याला आम्ही 'रेंडरला टाकलं' म्हणतो. चार-पाच तास लागतात. तेवढा वेळ मशीन कुंथत असतं, बाण हलत नाही, पडदा थिजल्यासारखा दिसतो. बघणाऱ्याला वाटतं, बंद पडलं. बंद पडलेलं नसतं, कामात असतं. अशा वेळी बटण दाबलं की चार तासांचं काम पाण्यात, आणि नशीब फुटकं असेल तर आधीच्या दोन दिवसांचंही. नेमकं अशाच वेळी काउंटरवर कोणीतरी फॉर्म हातात धरून घामाघूम उभं असायचं. त्याला दोन मिनिटांत फोटो हवा असायचा.

भाऊ घरचे शेतकरी. विहिरीवर त्यांची थ्री फेजची मोटर आहे. मोटर बसली की लाल बटण, दहापर्यंत मोजायचं, मग हिरवं बटण. कॉम्प्युटरला त्यांनी हाच कायदा लावला होता. बाहेरून आले आणि पडदा हलताना दिसला नाही की चप्पल काढायच्या आधी त्यांचं बोट बटणावर. मी ओरडले की म्हणायचे, "अवं, चालू झालं नं आता! कायले कावून राह्यली?" मालकावर माणूस कावणार तरी किती? म्हणून ते झाकण लावलं. तिसऱ्या दिवसापासून त्यांनी झाकणाला हात न लावता खालचा बोर्डच बंद-चालू करायला सुरुवात केली.

काकांचं वेगळं होतं. ते घाईनं दाबत नसत, भीतीनं दाबत. चाळीस वर्षं अंधारखोलीत काढलेल्या माणसाचा हात, काही बिघडलं की, आधी दिवा घालवायला जातो. तिथे उजेड म्हणजे नुकसान. दार कोणी ढकललं, कागदाचं पाकीट उघडं राहिलं, आधी अंधार करा, मग काय झालं ते बघा. कॉम्प्युटरचा पडदा थिजला की त्यांचा तोच हात पुढे यायचा.

"काका, कायले बंद केलं?"

"अटकलं होतं नं माय. अंदर काही जळून-बिळून जाईन म्हणून बंद करून टाकलं."

"जळत नाही काका. काम करून राह्यलं होतं ते."

"मले कसं समजन? त्याले काही तोंड हाये का सांगाले?"

मी त्यांना पुढचा छोटा दिवा दाखवला, तो लुकलुकत असेल तर मशीन जिवंत आहे म्हणून सांगितलं. ते मान डोलवायचे, आणि पंधरा दिवसांनी पुन्हा तेच. मी चिडायचे, तोंडानं फटकळ आहेच मी, पण लगेच पुढचा चहा सोबतच प्यायचो. एवढं कोणाच्या मनाला लागत नव्हतं.

आता त्या कॉम्प्युटरमध्ये आणखी काय होतं ते सांगते.

काकू, म्हणजे काकांची बायको, काविळीनं गेली. यवतमाळला नेलं होतं, पण अठराव्या दिवशी ती नाही राहिली. पुण्यानुमोदनाच्या दिवशी बुद्धमूर्तीशेजारी ठेवायला तिचा फोटो हवा होता, आणि घरात धड फोटो सापडेना. साऱ्या तालुक्याच्या नवऱ्या ज्यानं नटवून-थटवून टिपल्या, त्याच्या घरी बायकोचे दोनच फोटो निघाले. दिव्याखाली अंधार म्हणतात तसं. एक लग्नातला, ज्यात तिची मान खाली, आणि दुसरा आधार कार्डावरचा. आधारवरचाच मी मोठा करून दिला. काकांनी तो लांब धरून पाहिला आणि म्हणाले, "हे माही बायको नोहे. हे तं सरकारी बाई हाये." तरी हार त्यालाच घालावा लागला.

पुढे सहा-सात महिन्यांनी जुन्या फायली साफ करताना मला चाळीस सेकंदांचा एक तुकडा सापडला. भाऊंनी नवा कॅमेरा आणला त्या दिवशी दुकानातच चालवून पाहिला होता, त्यातला. दारात काकू उभी आहे, हातात फडक्यात बांधलेला डबा. उन्हातून आल्यामुळे तिला आतलं दिसत नाही, ती डोळे बारीक करते. मग कॅमेरा दिसतो. पदर तोंडावर धरून हसत म्हणते, "अवं माय, माह्यावर कायले धरला? माह्यं लग्न हाये का?" आणि मग आत काकांकडे बघून, आवाज बदलून, "तुम्ही आधी जेवून घ्या बरं. भाकर थंडी होऊन राह्यली." मागून काकांचा आवाज येतो, "आलो." एवढंच आहे त्यात.

मी काकांना माझ्या खुर्चीत बसवलं आणि तो तुकडा लावून दिला. त्यांनी तो पाच-सहा वेळा पाहिला. मग उठून मागच्या अंधारखोलीत गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत. आत पडद्यांच्या गठ्ठ्यावर बसले होते.

तेव्हापासून तो रोजचा नेम झाला. मी 'काका' नावाचा फोल्डर करून पडद्याच्या कोपऱ्यात ठेवला आणि तो कसा उघडायचा ते त्यांना शिकवलं. पासपोर्ट फोटोचं काम चार वर्षांत धड न शिकलेला माणूस हे दोन दिवसांत शिकला. दुपारचं जेवण झालं की हात धुऊन, पुसून ते खुर्चीत बसायचे. मी काहीतरी निमित्त काढून बाहेर जायचे. आवाज त्यांनी अगदी बारीक ठेवलेला असायचा, तरी भाकर थंडी होत असल्याचं मला पायरीवर ऐकू यायचं.

काकांकडे बटणांचा साधा फोन, त्यात तो तुकडा चालेना. त्यांचा मुलगा पुण्याला कंपनीत आहे, त्याच्या मोबाइलवर टाकून देते, नाहीतर एका पेनड्राइव्हमध्ये वेगळा काढून ठेवते, असं मी त्यांना किती वेळा म्हटलं असेल. दोन मिनिटांचं काम. दिवाळीत मुलगा दोन दिवस येऊन गेला, मी कोणाच्या तरी अल्बमात मान खुपसून बसले होते. "उद्या करून देतो काका," आमच्याकडे बायाही असंच बोलतात, "उद्या नक्की." ते म्हणायचे, "कर माय, सवडीनं." गिऱ्हाइकांच्या लग्नांचं मूळ शूटिंग मी न चुकता दोन ठिकाणी ठेवायचे, कारण काही गेलं तर गिऱ्हाईक चारचौघांत उद्धार करतं. काका कोणाचा उद्धार करणाऱ्यातले नव्हते, म्हणून त्यांचं काम राहत गेलं.

तुळशीची लग्नं आटोपली आणि सराई सुरू झाली. कळंबकडच्या एका लग्नाचा व्हिडिओ मी तीन दिवस खपून जोडला होता. नवरीकडचे संध्याकाळी न्यायला येणार होते. दुपारी तो रेंडरला टाकला आणि दहा मिनिटांसाठी पोस्टात गेले. परत आले तर पडदा काळाठिक्कर, आणि काका बाटलीचं झाकण हातात धरून उभे. काउंटरवर एक म्हातारी होती, निराधार योजनेच्या फॉर्मला फोटो हवा म्हणून खेड्यातून आलेली. फॉर्म द्यायचा शेवटचा दिवस होता आणि परतीची बस सुटायला आली होती. मशीन अडकलं, म्हातारी रडकुंडीला आली, काकांनी झाकण सोललं आणि बटण दाबलं.

मी मशीन चालू केलं. लग्नाची फाइल उघडेना. पुन्हा पुन्हा करून पाहिलं, नाहीच उघडली. माझ्या डोक्यात सणक गेली.

"काका, तुमच्याच्यानं होत नाही तं चुपचाप बसा नं! सारा जनम अंधारात काढला, आता उजेडातलं काम तरी आमाले करू द्या!"

दुकानात म्हातारी होती, फोटोला आलेल्या कॉलेजच्या दोन मुली होत्या, दारात समोरचा टेलर होता. काकांनी म्हातारीकडे बोट केलं. "माय, त्या बाईची बस..."

"कोणाची बस न् काय न्! बटण नाही, बोर्ड नाही, मेन नाही. आग लागली तरी या मशीनले मले विचारल्याबिगर हात लावायचा नाही. समजलं?"

"हाव," काका म्हणाले. झाकण त्यांनी टेबलावर ठेवलं आणि ओले नसलेले हात उगाच शर्टाला पुसले. म्हातारी पिशवी उचलून म्हणाली, "राहू दे बापू, मी पायतो दुसरीकडं."

संध्याकाळी नवरीकडच्यांची बोलणी मी एकटीनं खाल्ली, आणि त्यामुळे माझीच बाजू मला आणखी खरी वाटली. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र वाटलं, काकांची माफी मागावी. दुकानात गिऱ्हाईक होतं. तिसऱ्या दिवशी वाटलं, जाऊ दे, विसरले असतील. ते माझ्याशी पहिल्यासारखंच बोलत होते, माझ्या पोराच्या परीक्षेचं विचारत होते. मनात असतं तर बोलले असते, असं मी ठरवून टाकलं.

फक्त त्या दिवसापासून त्यांनी कॉम्प्युटरला हात लावला नाही. फोटो काढायचे आणि कॅमेऱ्यातलं कार्ड माझ्या टेबलावर आणून ठेवायचे. "तू कर माय." आणि दोन्ही हात पाठीमागे धरून उभे राहायचे. दुपारी जेवण झालं की बाहेर कडुनिंबाखालच्या बाकावर जाऊन बसायचे. थंडीत मला वाटलं, ऊन खात असतील. उन्हाळा लागला तेव्हा वाटलं, आत उकडतं. खरं सांगते, मला बरंच वाटत होतं. सहा महिन्यांत एक फाइल गेली नाही. मी भाऊंना टोमणा मारायचे, "पाहा, काका शिकले. तुम्ही कवा शिकता?"

मे महिन्यातला बाजाराचा दिवस होता. भाऊ शूटिंगला गेलेले. मी एक व्हिडिओ रेंडरला टाकून जेवायला घरी आले होते. माझा मोबाइल चार्जिंगला लावलेला तिथेच टेबलावर राहिला. त्यानंतर दुकानात जे झालं ते मला काकांनी थोडं आणि समोरच्या टेलरनं बरंचसं सांगितलं.

आमच्या रस्त्यावर न्यूट्रलची तार तुटली. ज्यांनी हे पाहिलंय त्यांना सांगायला नको. लाइन एकदम वाढते, पंखे पिसाटासारखे फिरतात, ट्यूबलाइट डोळे दिपतील इतकी पांढरी होते, आणि मेन खाली केला नाही तर घरातलं होतं-नव्हतं जळतं. टेलर ओरडला, "काका, न्यूट्रल गेला! मेन खाली करा!" आणि आपल्या दुकानाकडे पळाला. काकांनी पंखा बंद केला. ट्यूब बंद केली. कूलर, झेरॉक्स, लॅमिनेशनचं मशीन, एकेक बटण शोधून बंद केलं. मेन खाली केला असता तर कॉम्प्युटरही बंद पडला असता, म्हणून मेन तसाच ठेवला. कॉम्प्युटरचा बोर्ड तेवढा सोडला. टेबलाखालचा यूपीएस, ज्याची बॅटरी केव्हाच मेली होती, शिट्टीसारखा वाजत होता. त्यांनी मला फोन लावला, तो त्यांच्यासमोर टेबलावरच वाजला. टेलर सांगतो, आपला मेन खाली करून तो पायरीवर आला तेव्हा काका कॉम्प्युटरसमोर दोन्ही हात मागे धरून उभे होते. त्याला वाटलं, सगळं बंद केलंय. मग एकाएकी काकांनी शटर अर्धं ओढलं आणि बाजाराच्या गर्दीतून निघाले.

दुकानातून माझ्या घरी यायला मला दहा मिनिटं लागतात, त्यांना वीस. मी ताटावर होते. दारात ते उभे, डोक्याला दुपट्टा, चेहरा लालबुंद, श्वास पुरत नव्हता.

"माय, न्यूट्रल गेला हाये. ते मशीन बंद करू का?"

"अजून बंद नाही केलं?"

"तुले विचारल्याबिगर कसं करू?"

खरकट्या हातानं मी स्कूटी काढली, त्यांना मागे बसवलं. शटर वर केलं तर जळक्या प्लास्टिकचा वास नाकात गेला. यूपीएसचा डबा एका बाजूनं वितळला होता. कॉम्प्युटरचा दिवा लागला नाही. तेव्हाही, खोटं कशाला सांगू, मला आधी आठवलं ते रेंडरचं. गिऱ्हाइकाचं सगळं शूटिंग दुसरीकडे ठेवलेलं आहे हे लक्षात आलं आणि मी हुश्श केलं. काकांचा फोल्डर मला आठवला संध्याकाळी, घरी भाकरी थापताना. तव्यावरची भाकर तशीच जळू दिली मी.

यवतमाळच्या माणसानं मशीन खोलून पाहिलं आणि मान हलवली. आतली डिस्क मी नागपूरला पाठवायला लावली. रोज फोन केला. महिन्यानं ती एका खोक्यातून परत आली, यातून काही निघत नाही असा निरोप घेऊन. भाऊ म्हणाले, "जाऊ दे नं, जुनंच होतं," आणि नवीन कॉम्प्युटर आणला. नव्याला बटण वरच्या बाजूला होतं. मी त्याला काही लावलं नाही.

नवं मशीन आलं त्या दिवशी दुपारी मी बाहेर कडुनिंबाखाली काकांच्या शेजारी जाऊन बसले. महिनाभर शब्द जुळवत होते.

"काका, काकूचा व्हिडिओ गेला. माह्याच्यानं राह्यलं. पेनड्राइव्हमधी टाकाचा होता, नाही टाकला."

ते रस्त्याकडे बघत होते. "हाव," म्हणाले. "मले तवाच समजलं होतं. ते शिट्टी वाजून राह्यली होती तवाच."

"मंग काहून नाही बंद केलं हो? काकू होती नं त्यात!"

"तुह्यं बी काम होतं नं. कोणाच्या तरी पोरीचं लग्न होतं." मग म्हणाले, "मागच्या बारीले मी बंद केलं अन् तुह्यं तीन दिवसाचं गेलं. तू लय रडली होती त्या दिवशी, बाथरूममधी. मी आयकलं."

मी रडले होते हे मलाही आठवत नव्हतं. मला रडू फुटलं ते आता, आणि ते आवरेना. ते माझ्या डोक्यावर हात ठेवून बसले, ज्याचं गेलं त्यानंच. त्यांना काहीतरी द्यावं, निदान बोलण्यातून तरी द्यावं, म्हणून मी म्हटलं, "दीड-दोन वर्षं रोज पाह्यलं नं काका तुम्ही. त्या दिवसापर्यंत तं पाह्यलं. सारं पाठ असन तुमाले."

"नाही वं," काका म्हणाले. "तू बोलली होती त्या दिवसापासून नाही पाह्यलं. हात कुठं लावत होतो मी?"

डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारी, मार्च, एप्रिल, आणि मेचे काही दिवस. तो सगळा वेळ काकू तिथे होती, पडद्याच्या कोपऱ्यात, आणि त्या पडद्यासमोर रोज मी बसत होते. मला एकदा म्हटलं असतं तर मी लावून दिलं असतं, असं माझ्या ओठांवर आलं होतं. पण चारचौघांत मी तसं बोलल्यावर ते मला का म्हणाले नाहीत, हे मला माहीत होतं.